सहरीची वेळ फोनला कोण सांगतं?

रमजान हा इबादतीचा महिना आहे, तसाच तो घड्याळाचाही महिना आहे. एरवी पाच-दहा मिनिटं इकडंतिकडं झाली तर कुणाचं काही बिघडत नाही. या महिन्यात मात्र मिनिटाला किंमत येते. पहाट फुटण्याआधी 'सहरी' म्हणजे रोजापूर्वीचं जेवण आटोपायचं असतं आणि सूर्य मावळला की 'इफ्तार' म्हणजे रोजा सोडायचा असतो. पूर्वी गल्लीतून हाळी देत लोकांना उठवणारी माणसं फिरत. नंतर मशिदीचा भोंगा आला. कापडवाल्यानं किंवा अत्तरवाल्यानं जाहिरातीसह छापलेलं वेळापत्रकाचं कार्ड घरोघरी भिंतीवर आलं. ते कार्ड आजही आमच्या सोलापुरात घरोघरी लटकलेलं दिसतं. पण दस्तरखानावर बसलेल्या तरुणांची नजर आता कार्डाकडं नसते, ती फोनकडं असते.

हे सगळं आपल्या इतकं अंगवळणी पडलं आहे की त्यामागं काही प्रश्न असू शकतो, हेच आपण विसरून गेलो आहोत. माझ्या सोळा वर्षांच्या भाच्याला तो प्रश्न पडला. तो अकरावीला आहे. हातात फोन आला तो ऑनलाइन क्लासच्या निमित्तानं. पुढं क्रिकेटचा स्कोअर, गेम आणि रील यातच त्याचा वेळ जायचा. घरोघरची हीच कथा आहे, वाचकांना ती नव्यानं सांगायला नको. या रमजानमध्ये मात्र त्याला एका साध्या गोष्टीनं पकडलं. मुंबईहून आलेल्या खालाच्या फोनवर इफ्तारची वेळ आमच्या कार्डापेक्षा बारा मिनिटांनी उशिराची होती. त्यानं मला विचारलं, "मामू, फोन झूट बोलरा के कार्ड?"

त्या एका प्रश्नाच्या मागं तो महिनाभर चालत राहिला. त्याला जे सापडत गेलं ते आज इथं मांडतो आहे. माहिती तंत्रज्ञान म्हणजे फक्त पुण्या-बंगळुरूच्या काचेच्या इमारतींत चालणारी नोकरी नव्हे. ते आपल्या दस्तरखानावर, रेशनच्या दुकानात आणि दोन शेजाऱ्यांच्या नात्यातही येऊन बसलं आहे, हे त्याला ज्या क्रमानं कळलं त्याच क्रमानं आपणही पाहू.

दोन फोन, दोन वेगळ्या चुका

भाच्यानं पहिलं काम चांगलं केलं. त्यानं घरातले चार फोन शेजारी ठेवले आणि वेळा वहीत उतरवल्या. दोन फोन कार्डाशी जुळत होते, दोन जुळत नव्हते. पण न जुळणाऱ्या दोघांची तऱ्हा वेगळी होती. खालाचा फोन सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळेला सारखाच, बारा मिनिटं मागं होता. चुलतभावाच्या फोनवर इफ्तार अगदी बरोबर होता, फक्त सहरी संपण्याची वेळ बारा-तेरा मिनिटं उशिराची होती.

पहिलं कोडं भूगोलानं सुटलं. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटं. मुंबईचं रेखांश सुमारे ७२.८, सोलापूरचं ७५.९ आणि हैदराबादचं ७८.५. सोलापूर मुंबईच्या तीन अंश पूर्वेला आहे, म्हणून आपल्याकडं सूर्य साधारण बारा मिनिटं आधी उगवतो आणि आधी मावळतो. हैदराबादला तो आपल्याही दहा मिनिटं आधी मावळतो. घड्याळं मात्र सगळ्यांची एकच वेळ दाखवतात, कारण भारताची प्रमाणवेळ १९०६ पासून ८२.५ रेखांशावर बेतलेली आहे. खालानं फोनमधलं 'लोकेशन' बंद ठेवलं होतं. ती सोलापुरात आली, फोन मात्र मुंबईतच राहिला होता.

दुसरं कोडं अधिक खोल होतं. सूर्यास्त डोळ्यांना दिसतो, पण पहाट नेमकी केव्हा फुटली हे कसं ठरवायचं? सूर्य क्षितिजाखाली ठराविक अंशांवर आला की पूर्वेला उजेडाची पहिली रेघ उमटते. तो अंश कोणता, यावर वेगवेगळ्या संस्थांची वेगवेगळी मतं आहेत. आपल्या उपखंडात सहसा १८ अंश धरतात. उत्तर अमेरिकेतल्या एका प्रचलित पद्धतीत १५ अंश धरले जातात. आपल्या अक्षांशावर या काळात तीन अंशांचा फरक म्हणजे बारा-तेरा मिनिटं. चुलतभावानं ॲप घेतलं तेव्हा त्यात जी पद्धत आधीच निवडलेली होती ती त्यानं तशीच राहू दिली. ती आपल्याकडची नव्हती, एवढंच.

इथं भाच्याला जे कळलं ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. फोन खोटं बोलत नव्हता. त्याला ज्या जागेची आणि ज्या नियमाची वेळ विचारली होती ती त्यानं अचूक सांगितली होती. जागा कोणती आणि नियम कोणता हे माणसानं ठरवलेलं होतं आणि ते ठरवलेलं आपल्याला दिसत नव्हतं. एरवी आपण 'कॉम्प्युटरनं सांगितलं' म्हणून विषय संपवतो. खरं तर तिथून विषय सुरू व्हायला हवा.

मग त्यानं आणखी एक प्रयोग केला. फोनचं इंटरनेट बंद करून पाहिलं. वेळा तरीही दिसतच होत्या! म्हणजे त्या कुठून 'येत' नव्हत्या, फोन स्वतःच त्यांचं गणित करत होता. तारीख, अक्षांश आणि रेखांश दिले की सूर्य कुठं असेल हे सूत्रानं काढता येतं. त्यात बारकावेही असतात. हवेतून येताना प्रकाश किंचित वाकतो, म्हणून क्षितिजावर टेकलेला सूर्य आपल्याला दिसतो तेव्हा तो प्रत्यक्षात क्षितिजाखाली गेलेला असतो. सूर्यास्ताचं गणित करताना हे वाकणं आणि सूर्यबिंबाची निम्मी रुंदी मिळून जवळपास ०.८३ अंशांची सूट धरतात. रोजा सोडताना आपण डोळ्यांनी पाहतो तो सूर्य आधीच गेलेला असतो, हे ऐकून आमची नानी कितीतरी वेळ हसत होती.

आणि फोनला आपली जागा कशी कळते? सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरणारे उपग्रह सतत आपली वेळ आणि आपली जागा सांगत असतात. फोन किमान चार उपग्रहांचा आवाज ऐकतो आणि प्रत्येकाचा संदेश पोहोचायला किती वेळ लागला त्यावरून स्वतःचं ठिकाण काढतो. या संदेशाला लागणारा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी असतो, म्हणून त्या उपग्रहांत अणुघड्याळं बसवलेली असतात. अमेरिकेची जीपीएस जगभर वापरतात. आपल्या इस्रोनंही 'नाविक' ही यंत्रणा उभारली आहे.

पंचांग, अल-ख्वारिझ्मी आणि शेजारच्या काकू

हे सगळं भाचा जिन्यात उभा राहून शेजारच्या काकूंना सांगत होता. काकूंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "अरे, मग आमच्या संकष्टीचं काय वेगळं असतं? चंद्रोदय मुंबईचा वेगळा, सोलापूरचा वेगळा. कॅलेंडरात गावागावाच्या वेळा छापलेल्याच असतात की."

काकूंचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. सोलापूरकरांना हे कळायला खरं तर कुणी शिकवायला नको, कारण महाराष्ट्रभर घरोघरी वापरलं जाणारं दाते पंचांग आपल्याच गावातून निघतं. संकष्टीला चंद्राची वाट पाहणारी काकू आणि इफ्तारला सूर्याची वाट पाहणारी नानी एकाच आकाशगणिताच्या दोन उदाहरणांवर बसलेल्या आहेत.

हे गणितही एकमेकांकडं शिकूनच वाढलेलं आहे. ब्रह्मगुप्तानं इ.स. ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' लिहिला आणि शून्यासह आकडेमोड करण्याचे नियम त्यात मांडले. आठव्या शतकात भारतीय सिद्धान्तांचं हे ज्ञान बगदादला पोहोचलं आणि तिथं 'सिंदहिंद' या नावानं ओळखलं जाऊ लागलं. नवव्या शतकात बगदादमधल्या मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिझ्मी या विद्वानानं त्या परंपरेवर सूर्य-चंद्राची कोष्टकं रचली आणि हिंदी अंकांनी हिशेब कसा करावा यावरही लिहिलं. त्याच्या ग्रंथाच्या नावातल्या 'अल-जब्र'पासून 'अल्जिब्रा' शब्द आला आणि त्याच्या स्वतःच्या नावाचं लॅटिन रूप होऊन 'अल्गोरिदम' शब्द आला. अल्गोरिदम म्हणजे एखादं काम तडीस नेण्यासाठी क्रमानं दिलेल्या, कुठंही संदिग्ध नसलेल्या पायऱ्या. आज प्रत्येक फोन, प्रत्येक बँक आणि प्रत्येक रील अशाच पायऱ्यांवर चालते. अरबीत आजही अरबी लिपीतल्या आकड्यांना 'हिंदी अंक' म्हणतात.

पुढं मोठ्या मशिदींत वेळ काढण्यासाठी खास माणूस नेमला जाऊ लागला. त्याला 'मुवक्कित' म्हणत. दमास्कसच्या उमय्या मशिदीत चौदाव्या शतकात इब्न अल-शातिर हा मोठा खगोलज्ञ या पदावर होता. त्यानं बनवलेलं सूर्यघड्याळ १३७१ सालचं आहे. आज मुवक्कितचं काम फोनमधला प्रोग्रॅम करतो. भाच्याला यातली गंमत अशी वाटली की ज्या गोष्टीला तो 'एकदम नवीन' समजत होता, तिचं मूळ हजार-बाराशे वर्षं जुनं निघालं आणि त्यात त्याच्या देशाचाही वाटा निघाला.

'ळ'चा नंबर २३५५

मी भाषेचा माणूस आहे. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत माझं घर आहे, त्यामुळं यापुढचा भाग माझ्या आवडीचा. नानीला उर्दू वाचता येतं, मराठी येत नाही. काकूंना मराठी येतं, उर्दू येत नाही. भाचा दोघींना एकाच फोनवरून संदेश पाठवतो. एक उजवीकडून डावीकडं जातो, दुसरा डावीकडून उजवीकडं. त्यानं विचारलं, "मामू, फोनला दोन्ही लिपी वाचता येतात?"

फोनला एकही लिपी वाचता येत नाही. त्याला फक्त आकडे कळतात. जगातल्या जवळपास सगळ्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक देणारी 'युनिकोड' नावाची व्यवस्था १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात देवनागरीतल्या 'अ'चा क्रमांक २३०९ आहे, उर्दूतल्या 'अलिफ'चा १५७५ आणि आपल्या लाडक्या 'ळ'चा २३५५. आपण 'ळ' दाबतो तेव्हा फोन २३५५ पाठवतो आणि समोरचा फोन त्या आकड्याचं चित्र पडद्यावर काढतो. एवढंच.

हे 'एवढंच' घडायला किती कष्ट पडले हे आमच्या पिढीला माहीत आहे. युनिकोड घरोघरी पोहोचण्याआधी मराठीचा प्रत्येक फॉन्ट वेगळ्या चालीचा होता. एका छापखान्यातला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की पडद्यावर नुसती भेंडोळी दिसायची. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं बरंच काम पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत झालं. ही संस्था १९८८ मध्ये स्थापन झाली. उर्दूची अडचण आणखी मोठी होती. उर्दूच्या नस्तालीक वळणात अक्षरं एकमेकांच्या खांद्यावर तिरकी उतरत जातात, त्यामुळं ती खिळ्यांत बसेनात. उर्दू वर्तमानपत्रं कित्येक दशकं 'कातिब' म्हणजे सुलेखनकार हातानं लिहून काढत आणि मग छापत. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांचं 'नूरी नस्तालीक' हे वळण संगणकावर आलं, त्यानंतर १९९०च्या दशकात दिल्लीत तयार झालेलं 'इनपेज' आलं आणि कातिबांच्या लेखण्या एकेक करून थांबल्या. चेन्नईचं 'मुसलमान' हे १९२७ मध्ये सुरू झालेलं दैनिक मात्र एकविसाव्या शतकातही हातानंच लिहिलं जात राहिलं.

तंत्रज्ञान काही देतं तेव्हा काही घेऊनही जातं. कातिबाची रोजी गेली हे खरं आहे. पण आज नानी परदेशातल्या नातवाला उर्दूत दुआ पाठवू शकते, हेही खरं आहे. भाच्याला मी दोन्ही बाजू सांगितल्या.

नानीची बोटं

नानीनं आयुष्याची चाळीस वर्षं विड्या वळल्या. पान कातरायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. सोलापुरात अशी हजारो घरं आहेत, मुसलमानांची आहेत, पद्मशाली समाजाची आहेत, इतरांचीही आहेत. या कामानं बोटांच्या रेषा झिजतात. रमजानच्या पहिल्याच आठवड्यात रेशन आणायला गेलेल्या नानीचा अंगठा मशीननं तीनदा नाकारला. दुकानदार म्हणाला, "मशीन घेत नाही, आजी. पुढच्या आठवड्यात या." रोजा धरलेली नानी रिकामी पिशवी घेऊन घरी आली.

भाचा चिडला. पण चिडून न थांबता त्यानं शोधलं की मशीन नेमकं काय करतं. ते माणसाला ओळखत नाही. बोटाच्या रेषा जिथं संपतात किंवा फुटतात असे बिंदू ते टिपतं आणि आधारसाठी पूर्वी घेतलेल्या नोंदीशी ताडून पाहतं. पुरेसे बिंदू जुळले नाहीत की ते 'नाही' म्हणतं. या 'नाही'चा अर्थ 'ही बाई ती नव्हे' असा होत नाही. 'मला ठरवता आलं नाही' एवढाच होतो. पण खिडकीपाशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाईला दोन्ही सारखेच वाटतात आणि रेशन दोन्हीत मिळत नाही.

त्याला पर्यायही सापडले. दुसरं बोट लावून पाहता येतं. जिथं सोय आहे तिथं डोळ्याच्या बुबुळावरून ओळख पटवता येते. नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी मागवता येतो. कार्डावर नाव असलेला घरातला दुसरा माणूस अंगठा देऊ शकतो. नानीच्या बाबतीत अडचण ही होती की आधारला जोडलेला नंबर कधीच बंद पडलेल्या सिमचा होता. भाच्यानं तिला आधार केंद्रात नेलं, नंबर बदलून घेतला, बोटांचे ठसेही नव्यानं दिले. दहा दिवसांनी धान्य घरी आलं.

या एका खेपेत तो जे शिकला ते संगणकाच्या पुस्तकात सापडणार नाही. यंत्र बनवणाऱ्यानं कुणाचा हात डोळ्यासमोर ठेवून ते बनवलं, हा प्रश्न त्यानं मला विचारला. कार्यालयात बसणाऱ्याचा हात, की विड्या वळणाऱ्या बाईचा, की यंत्रमागावर काम करणाऱ्या माणसाचा? उद्या तो खरोखर या क्षेत्रात गेला तर हा प्रश्न त्याच्या उपयोगी पडेल.

जकात आणि चौकोनी ठिपके

रमजानमध्ये दानधर्माची उलाढाल मोठी असते. ज्याच्याकडं ठराविक मर्यादेपेक्षा जास्त बचत वर्षभर राहिली, त्यानं तिचा अडीच टक्के हिस्सा गरजूंना द्यायचा, ही जकात. ईदच्या नमाजापूर्वी द्यायचा तो फितरा. पूर्वी हे पैसे हातातून हातात जात. आता यूपीआय आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या या व्यवस्थेनं चहाच्या टपरीपासून भाजीच्या हातगाडीपर्यंत सगळीकडं काळ्या ठिपक्यांचा चौकोन नेऊन लावला.

हा चौकोन, म्हणजे क्यूआर कोड, १९९४ मध्ये जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी तयार झाला. त्याच्या तीन कोपऱ्यांतल्या ठळक चौकटींमुळं कॅमेऱ्याला तो कुठल्याही बाजूनं धरला तरी वाचता येतो. तो असा रचता येतो की तीस टक्क्यांपर्यंत भाग मळला किंवा फाटला तरी माहिती शाबूत राहते. पण तो कुणाचा आहे हे त्याच्याकडं बघून माणसाला कळत नाही आणि फसवणारे नेमका याचाच फायदा घेतात. दुकानाच्या कोडवर दुसऱ्याचा कोड चिकटवायचा, आजारी मुलाचा फोटो लावून जकात मागायची, किंवा 'तुम्हाला पैसे आलेत, घेण्यासाठी पिन टाका' असा फोन करायचा.

भाच्यानं मोहल्ल्यातल्या बायकांना तीन गोष्टी पाठ करून घ्यायला लावल्या. त्या सगळ्याच वाचकांच्या कामाच्या आहेत. एक, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो. दोन, कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर येणारं नाव मोठ्यानं वाचायचं आणि समोरच्याला विचारायचं. तीन, फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसायचं नाही, लगेच १९३० या नंबरवर फोन करायचा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त. जकात देण्याआधी ती योग्य हातात जाते आहे ना, हे पाहणं देणाऱ्याचीच जबाबदारी आहे. फोननं ती जबाबदारी काढून घेतलेली नाही.

एका व्हिडिओची रात्र

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. रमजानच्या तिसऱ्या आठवड्यात एका रात्री तरावीहची नमाज संपत असताना एक व्हिडिओ फोनाफोनी फिरू लागला. जमाव, आरडाओरडा, पळापळ आणि खाली मजकूर, 'आपल्या गावात आत्ता घडलेली घटना, सगळ्यांना पाठवा.' आमच्या लोकांच्या ग्रुपवर त्याच्याखाली एक आरोप होता. शेजारच्या गल्लीतल्या ग्रुपवर तोच व्हिडिओ उलट्या आरोपासह होता. अर्ध्या तासात कोपऱ्यावर पोरं जमायला लागली.

भाच्यानं आणि काकूंच्या मुलानं तो व्हिडिओ आमच्या जिन्यात बसून थांबवत थांबवत पाहिला. त्यावर दुहेरी बाण होता, म्हणजे तो अनेकांकडून पुढं ढकलला गेलेला होता. 'आत्ता घडलं' म्हणणारा संदेश इतक्या हातांतून कधी गेला? व्हिडिओतल्या माणसांच्या अंगात स्वेटर होते आणि आम्ही घामानं भिजलो होतो. एका मोटारसायकलची नंबरप्लेट दिसली, ती एमएच-१३ नव्हती, महाराष्ट्राचीच नव्हती. दुकानाची पाटी तिसऱ्याच लिपीत होती. मग त्यांनी एक चित्र कापून इंटरनेटवर शोधलं. तेच चित्र कितीतरी महिन्यांपूर्वीच्या, दूरच्या एका गावातल्या बातमीत सापडलं.

दोघांनी तो पुरावा एकत्र केला आणि एकच संदेश मराठीत आणि उर्दूत लिहून दोन्हीकडच्या ग्रुपवर टाकला. खाली दोघांची नावं घातली, एक हिंदू आणि एक मुसलमान. कोपऱ्यावरची पोरं हळूहळू घरी गेली. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात काहीच आलं नाही, कारण काही घडलंच नव्हतं. न घडलेल्या गोष्टींची बातमी होत नाही, पण त्या रात्री काय घडू शकलं असतं हे या गावातल्या वडीलधाऱ्यांना मी सांगायला नको.

मी भाच्याला म्हटलं की तू जे केलंस त्याला आपल्याकडं जुनं नाव आहे. हदीस म्हणजे पैगंबरसाहेबांची वचनं गोळा करणाऱ्या विद्वानांनी नियम घालून घेतला होता की मजकूर ऐकण्याआधी 'सनद' पाहायची, म्हणजे हे कुणी कुणाकडून ऐकलं त्याची साखळी तपासायची. साखळीतला एक दुवा कच्चा निघाला तरी मजकूर कमजोर ठरायचा. बातमी आली तर आधी तिची खातरजमा करा, नाहीतर नकळत कुणाचं तरी नुकसान कराल आणि मग पस्तावाल, अशा अर्थाची ताकीद कुराणातही आहे. आपल्याकडं मराठीत 'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' म्हणतात. फॉरवर्डच्या काळात त्यात एवढीच भर घालावी लागेल की पाठवण्याआधी तपासावे.

यंत्राचं काम, माणसाचं काम

सोळा वर्षांच्या मुलाला काय सापडलं, हे थोडक्यात सांगायचं तर त्याला 'कसं?' आणि 'कुणी ठरवलं?' हे दोन प्रश्न सापडले. वेळ कशी काढली, अंश कुणी ठरवला? अंगठा कसा जुळवला, न जुळल्यास काय करायचं हे कुणी ठरवलं? व्हिडिओ कुठून आला, त्याखालचा मजकूर कुणी लिहिला? शाळेतल्या संगणकाच्या तासाला मुलांना बटणं शिकवली जातात, एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्रही मिळतं, आणि ते हवंच. पण हे दोन प्रश्न घरातही शिकवता येतात. त्यासाठी आई-बापाला प्रोग्रॅमिंग यायला लागत नाही. मुलाच्या हातातला फोन हिसकावण्याआधी त्याच्याशेजारी पाच मिनिटं बसून 'हे कसं चालतं, मला सांग बरं' एवढं विचारलं तरी पुरे. आमच्या नानीनं तेच केलं. तिच्या हसण्यानं आणि तिच्या रिकाम्या पिशवीनं त्या मुलाला जितकं शिकवलं तितकं माझ्या व्याख्यानांनी शिकवलं नसतं.

भाच्यानं यंदा सोलापूरचं वेळापत्रक स्वतः तयार केलं. इमामसाहेबांनी ते जुन्या कार्डाशी ताडून पाहिलं, दोन ठिकाणी खबरदारीचं एकेक मिनिट धरायला सांगितलं आणि मगच ते मशिदीच्या दारावर लागलं. कागदाच्या तळाशी त्यानं लिहिलं आहे, 'ठिकाण सोलापूर, पहाट १८ अंश.' आपला नियम उघड सांगणारं वेळापत्रक मी पहिल्यांदाच पाहिलं.

आता ईद जवळ आली आहे. अमावास्येचा क्षण कोणता, २९व्या रोजाच्या संध्याकाळी चंद्र किती उंचीवर असेल, कोणत्या दिशेला पाहायचं, हे सगळं फोन आत्ताच सांगू शकतो. तरीही ईद जाहीर होईल ती चंद्र डोळ्यांनी पाहणाऱ्यांच्या साक्षीवर. चांद कमिटी साक्षीदाराला प्रश्न विचारेल, खात्री करेल आणि मग निर्णय देईल. भाच्यानं दिशा काढून ठेवली आहे. आमच्या गच्चीवरून पश्चिमेला पाण्याची टाकी आडवी येते, म्हणून त्या संध्याकाळी सगळे काकूंच्या गच्चीवर जमणार आहेत. काकूंनी चहा ठेवायचं कबूल केलं आहे.